दाढी भिजू दे

लालबागच्या आमच्या चाळीत सुट्टीच्या सकाळी वडिलांपुढे रांग लागायची. गॅलरीच्या टोकाला पाट, पाटासमोर पितळी वाटीत स्टोव्हवर तापवलेले पाणी, भिंतीला टेकवलेला आरसा आणि तुरटीचा खडा. वडील न्हावी नव्हते, गिरणीत साचेखात्यात कामाला होते. पण आमच्या समाजाच्या सात-आठ बिऱ्हाडांतल्या पुरुषांच्या दाढ्या आणि पोरांचे केस त्यांच्याच हातून होत. माणूस पाटावर बसला की ते आधी त्याचे तोंड ऊन पाण्याने चोळत, साबणाचा फेस फासत आणि मग वस्तऱ्याला हात न लावता स्वस्थ बसून राहत. समोरचा उतावीळ झाला की म्हणत, "गप ऱ्हा. दाढी भिजू दे."

आम्ही पोरे मागे उभे राहून त्यांची नक्कल करायचो आणि हसायचो.

हा हात त्यांनी गावी कमावला होता. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात न्हावी होता. तो गावच्या म्हशी भादरायचा, पण आमच्या वाड्यातल्या माणसाच्या डोक्याला हात लावत नसे. दुसऱ्या महायुद्धात पलटणीत जाऊन आलेल्या आमच्या एका चुलत आजोबांनी येताना वस्तरा आणला होता. पलटणीत रोज दाढी करण्याची सक्ती, त्यामुळे त्यांना ती कला येत होती. त्यांनी ती वाड्यातल्या दोन-तीन पोरांना शिकवली, त्यांत आमचे वडील. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणच्या आठवणी लिहिल्या आहेत, त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० साली पुस्तिकेच्या रूपात आल्या. त्यांत साताऱ्याचा उल्लेख आहे. तिथे न्हावी होते, रामजी सुभेदारांच्या घरी पैसेही होते, तरी मुलांचे केस कापण्याचे आणि भादरण्याचे काम बाबासाहेबांच्या थोरल्या बहिणीला करावे लागे, आणि करून करून ती त्यात तरबेज झाली होती. आम्ही हा भाग वडिलांना वाचून दाखवला तेव्हा ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने फक्त विचारले, "ताईचा हात हलका असंल, न्हाई?"

मुंबईत आल्यावर त्यांना सलूनचा दरवाजा उघडा होता. इथे खुर्चीत बसणाऱ्याला कोणी जात विचारत नव्हते. पहिल्यांदा ते परळच्या एका सलूनमध्ये बसले तेव्हा न्हाव्याने त्यांची हनुवटी बोटांनी वर केली आणि वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. न्हावी घाबरला. "लागलं का, पाव्हणं?" वडील म्हणाले, "न्हाई, साबण गेला डोळ्यात." हा प्रसंग त्यांनी आम्हाला एकदाच सांगितला. त्यानंतरही ते सलूनमध्ये क्वचितच गेले. पैशाचा प्रश्न होता आणि सवयीचाही.

गुळगुळीत दाढी आमच्या लोकांना नुसती हौस कधीच नव्हती. स्वच्छ राहा, नीटनेटके कपडे घाला, हे बाबासाहेबांचे सांगणे गिरणगावातल्या चाळीचाळीत पोहोचले होते. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहत, पण सभेला निघालेल्या माणसाच्या अंगावर धुतलेला सदरा आणि गालावर एक खुंट नसे. त्या पिढीचा हा स्वाभिमान आम्ही पाहिला आहे. त्याच स्वाभिमानापायी घरोघरी माना सोलून निघत, हेही पाहिले आहे. तिकडे कोणी लक्ष देत नसे. चरचरले की तुरटी फिरवायची आणि निघायचे.

आम्हालाही लक्ष द्यावे लागले ते धाकट्या मुलामुळे.

तो बारावी झाला, एक-दोन ठिकाणी फिरला आणि शेवटी सुरक्षारक्षकाच्या नोकरीला लागला. लोअर परळला पूर्वी जिथे गिरण्या होत्या तिथे आता काचेचे मनोरे आहेत. १९८२ च्या संपानंतर ज्या भागातून त्याचे आजोबा रिकाम्या हाताने परतले, त्याच भागात नातू गणवेश घालून फाटकावर उभा राहिला. त्याचे आम्हाला बरे वाटले की वाईट, हे आजही सांगता येणार नाही. तिथला नियम असा की रोज गुळगुळीत दाढी हवी. सुपरवायझर हजेरीला गालावरून बोट फिरवून पाहायचा. खुंट लागला तर अर्धा दिवस कापला जायचा.

मुलाने पहिल्या पगारात जाहिरातीतला बऱ्याच पात्यांचा रेझर घेतला. त्याचे पाते महाग, म्हणून एकच पाते दोन-दोन महिने. सकाळी नळाला गर्दी, मोरीत आई भांडी घासते आहे, ड्यूटी सातची. तो गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवायचा, अंगाच्याच साबणाचा जरा फेस करायचा आणि वरून खाली, खालून वर, कातडी ताणून खराखरा ओढायचा. दीड मिनिटात दाढी. वरून वासाचे स्पिरिटवाले पाणी. मग तंग कॉलर, घाम, लोकलची गर्दी.

पंधरा दिवसांत त्याची मान लाल झाली. महिन्याभरात जबड्याखाली बारीक बारीक गाठी आल्या, काहींच्या टोकाला पू. दाढी केली नाही तर पगार कापणार, केली तर रक्त येणार. तो शर्टाची कॉलर वर करून घरात वावरू लागला. नात्यातल्या एका लग्नाला आला नाही. आम्ही म्हटले, तुरटी लाव. आई म्हणाली, हळद लाव. शेजाऱ्यांनी लिंबू सांगितले. सोललेल्या कातडीवर लिंबू चोळणे म्हणजे शत्रूलाही देऊ नये असा सल्ला. पोराने तोही करून पाहिला.

मग तो नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराने चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली. चार दिवसांत लाली गेली आणि आम्ही सगळे खूश झालो. ट्यूब संपली की पाच-सहा दिवसांत दुप्पट लाली. मग दुसरी ट्यूब, तिसरी. चार महिन्यांनी त्याच्या गालाची कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ दिसू लागली, आतल्या लाल शिरा दिसायला लागल्या, उन्हात गेला की भाजल्यासारखी आग. तेव्हा कुठे आम्ही त्याला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेले. आमचा हा उशीर आम्हाला अजून टोचतो. परळला केईएम आहे, मुंबई सेंट्रलला नायर, शीवला लोकमान्य टिळक. तिन्ही ठिकाणी कातडीचा वेगळा विभाग आहे आणि केसपेपरचा खर्च एका ट्यूबपेक्षा कमी. पण दाढीच्या पुरळासाठी रांगेत कोण उभे राहणार, असे आम्हीच म्हणत होतो.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉईड, जंतूंचे औषध आणि बुरशीचे औषध असे तिन्ही एकत्र होते. स्टेरॉईडने सूज दबते, म्हणून गुण आल्यासारखे वाटते. आतले दुखणे तसेच राहते आणि कातडी मात्र पातळ होत जाते. त्यातून दाढीत नायटा असेल तर तो या मलमाखाली ऐसपैस पसरतो. केंद्र सरकारने २०१८ साली अशी बरीच स्टेरॉईडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी दुकानात मागितली की मिळतात, आणि आपण मागतो. बाईंनी ती ट्यूब बंद करवली, आणि बंद केल्यावर आधी त्रास वाढेल, घाबरून पुन्हा लावू नकोस, असे बजावून सांगितले. तसेच झाले. पहिले तीन आठवडे पोराने कसे काढले ते त्यालाच ठाऊक.

त्यांनी आम्हाला जे समजावले ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. दाढीचा सुका केस ताठ असतो. त्यावर पाते चालवले की ते केस कापण्याआधी ओढते, आणि केसाबरोबर कातडीचा वरचा बारीक पापुद्रा खरवडते. घाम, धूळ, जंतू यांना बाहेर थोपवणारा तोच पापुद्रा. तो गेला की साधा घामही मिठासारखा झोंबतो. पाते बोथट असले तर आपण जोर देतो, जोर दिला की जास्त खरवडते. ही झाली नुसती आग. गाठींचे कारण निराळे. कातडी ताणून उलटा हात मारला, किंवा बऱ्याच पात्यांचा रेझर वापरला, की केस कातडीच्या पातळीखाली तुटतो आणि त्याला टोक येते. कुरळा केस असेल तर तो वाढताना बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो. शरीराला तो पायात मोडलेल्या काट्यासारखा वाटतो. मग गाठ, लाली, पू. म्हणजे जितकी गुळगुळीत दाढी, तितका हा त्रास अधिक. आमच्या मुलाचे केस त्याच्या आजीसारखे कुरळे आहेत.

उपाय विचारला तेव्हा बाई म्हणाल्या, "आधी महिनाभर दाढी करूच नको. नंतर करायची तेव्हा अंघोळीनंतर कर, नाहीतर कोमट पाणी लावून दोन-तीन मिनिटं थांब. केस पाणी पिऊन मऊ होऊ दे."

आम्ही खुर्चीतच हसलो. बाईंना वाटले आम्ही थट्टा करतो आहोत. मग त्यांना वडिलांची गोष्ट सांगावी लागली.

महिनाभर दाढी नाही, ही गोष्ट सुपरवायझरला सांगायची कशी? मुलगा भीत होता. बाईंनी चिठ्ठी दिली आणि आम्ही स्वतः त्याच्याबरोबर गेलो. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, तोही कोणाचा नोकरच. म्हणाला, "काका, एकाला सूट दिली तर उद्या सगळे दाढ्या वाढवतील." त्याला आम्ही एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. हा केस आत वळण्याचा त्रास अमेरिकेतल्या काळ्या बांधवांमध्ये फार आहे, कारण त्यांचे केस घट्ट कुरळे असतात. तिथे घरपोच पिझ्झा देणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या दुकानात दाढी ठेवायला मनाई होती. या त्रासामुळे दाढी करू न शकणाऱ्या एका काळ्या कामगाराला कामावरून काढले. प्रकरण कोर्टात गेले, आणि १९९३ साली तिथल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की नियम सर्वांना सारखा दिसत असला तरी त्याचा मार काळ्या माणसांवरच पडतो, अशा माणसांना सूट दिली पाहिजे. नियम सारखा आणि मार एकावर, हे आमच्या वाचकांना निराळे समजावून सांगायला नको. सुपरवायझरला अमेरिकेचे किती पटले ठाऊक नाही. त्याने चिठ्ठी वर पाठवली. महिनाभर मुलाला रात्रपाळी दिली, म्हणजे मोठ्या साहेबांच्या नजरेस पडायला नको. आम्ही तेही मान्य केले. पुढे तोडगा निघाला तो असा की मशीनने, म्हणजे ट्रिमरने, मिलिमीटरभर खुंट ठेवून कापायचे. लांबून दाढी केल्यासारखेच दिसते आणि केस आत वळत नाही. सणासुदीला किंवा मोठी पाहुणे मंडळी येणार असली तरच पाते.

आता तो पाते कसे वापरतो ते आम्ही रोज पाहतो. आजोबांसारखेच एकपाती मशीन घेतले आहे, त्याचे ब्लेड एका कटिंग चहापेक्षा स्वस्त पडते. पाच-सात दाढ्या झाल्या की बदलायचे, मग ते कितीही चांगले वाटो. महाग पाते पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा स्वस्त पाते वेळेवर टाकणे परवडते, हा हिशेब आमच्या घरात फार उशिरा कळला. फेस भरपूर हवा, पण अंगाच्या साबणाचा नको, तो लगेच वाळतो. दाढीची क्रीम ब्रशने लावायची. केस कुठल्या दिशेला वाढले आहेत ते आधी बोटांनी चाचपायचे. हात ज्या बाजूला अडतो ती उलटी बाजू. गालावर बहुतेकांचे केस खाली वळतात, पण मानेवर प्रत्येकाचे निराळे, कोणाचे आडवे, कोणाचे खालून वर. आमच्या मुलाचे मानेच्या डाव्या बाजूला चक्क भोवरा आहे, आणि सगळ्यांत जास्त गाठी तिथेच होत्या. सरळ दिशेने, जोर न देता, छोटे छोटे हात. दर हाताला पाते पाण्यात धुवायचे. एकाच जागी पुन्हा जायचे तर पुन्हा फेस लावून. कातडी ताणायची नाही. शेवटी गार पाणी, फडक्याने टिपायचे, घासायचे नाही, आणि बिनवासाचे साधे मलम. स्पिरिटवाले पाणी आम्ही घरातून हद्दपार केले. आत वळलेला केस चिमट्याने किंवा सुईने उकरायचा मोह फार होतो, तो आवरावा, उकरल्याने डाग राहतो. पू वाढला, ताप आला, गोल गोल खाजरे चट्टे उठले किंवा आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही, तर सरळ दवाखाना. मुलीही हल्ली हातापायांना पाते लावतात. त्यांनाही हेच सगळे लागू, आणि भावाचे किंवा वडिलांचे पाते चोरून वापरू नये हे जास्तीचे.

तुरटीबद्दल बरेच जण विचारतात. तुरटी वाईट नाही. कापलेल्या जागी लावली की रक्त थांबते. पण रोज सगळ्या तोंडावर फिरवली की कातडी कोरडी पडते, आणि एकाचा खडा दुसऱ्याने वापरणे तर मुळीच बरे नाही.

इथे वडिलांची एक बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर लेख खोटा होईल. दाढी भिजवण्याचे त्यांचे शास्त्र बरोबर होते. पण त्यांचा वस्तरा एक होता, तुरटीचा खडा एक होता आणि पाटावर बसणारी माणसे दहा. एकाची दाढी झाली की वस्तरा वाटीतल्या पाण्यात बुडवायचा, फडक्याला पुसायचा की दुसऱ्याच्या गालावर. पुढे सेफ्टी रेझर आला तेव्हा ब्लेड काचेच्या पेल्यात घासून घासून महिनोन् महिने चालवत. त्या काळी कोणालाच त्यात गैर वाटत नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू अंगाबाहेरही किमान ७ दिवस जिवंत राहतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही दुसऱ्याला लागू शकतो. 'क' प्रकारची कावीळही अशीच रक्तातून जाते. त्यांच्या पाटावर बसलेल्यांपैकी कोणाला काय झाले, हे आता कोण सांगणार?

हे लिहिण्याचे कारण श्रामणेर शिबिरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या विहारांतून मुलांचे मुंडण होते. एक न्हावी, तीस-चाळीस डोकी आणि विधीची वेळ ठरलेली. आम्ही गेल्या वर्षी अशा एका शिबिरात हजर होतो. न्हावी मन लावून काम करत होता, पण चौथ्या डोक्यानंतरही ब्लेड तेच. आम्ही पुढे होऊन विचारले तर तो म्हणाला, "ब्लेड आयोजकांनी जेवढी दिली तेवढीच." चूक त्याची नव्हती. आम्ही खालच्या दुकानातून दोन पाकिटे आणली. दर डोक्याला नवे अर्धे ब्लेड, तेही पालकांच्या देखत मोडून लावायचे, असे ठरले. चिवरांचा, भोजनदानाचा, मंडपाचा खर्च आपण धरतो, त्यात ब्लेडांचा खर्च कुठे दिसणारही नाही. आणि लहान मुलांची डोकी सुकी भादरू नयेत. आधी अंघोळ घालावी किंवा ओले फडके गुंडाळून बसवावे. तीस मुले ओळीने ओली डोकी घेऊन बसली की गोंधळ होतो खरा, पण नंतर आठ दिवस कोणी डोके खाजवत बसत नाही.

वापरलेली पाती आम्ही वडिलांच्या तपकिरीच्या जुन्या पत्र्याच्या डबीत टाकतो. झाकणाला फट पाडली आहे. पूर्वी आमच्याही घरात ब्लेड कागदात गुंडाळून, कधी तेवढेही न करता, कचऱ्यात जाई. कचऱ्याच्या गाडीवर काम करणारा शेजारचा मुलगा एकदा तळहाताला पट्टी बांधून घरी आला. कोणाच्या घरातले ब्लेड होते ते त्याला कळले नाही, आम्हालाही नाही. डबी भरली की ती चिकटपट्टीने बंद करायची, वरती ठळक अक्षरांत 'ब्लेड' लिहायचे आणि कचरा घ्यायला येणाऱ्याच्या हातात सांगून द्यायची.